मलवाहिनीचा माथा तपासल्याशिवाय अस्तराचा निर्णय घेऊ नका

काँक्रीटची जुनी मलवाहिनी आतून झिजली असेल तर खोदून बदलावी की आतून अस्तर लावावे, असा आपला प्रश्न आहे. अस्तर लावावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण माथा, म्हणजे नळाची पाण्याच्या वर राहणारी आतली बाजू, कोणी तपासला का, हे मी आधी विचारीन, कारण याच मुद्द्यावरून माझे वरिष्ठांशी कडाक्याचे वाजले होते.

पाणी तळातून वाहते, म्हणून झीजही तळालाच होणार आणि वर सिमेंटचा गिलावा मारला की भागेल, असे त्यांचे म्हणणे होते. वायूची तपासणी करून मी मॅनहोलमध्ये उतरलो आणि नळाच्या माथ्याला स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो भिजलेल्या खडूत शिरावा तसा आत गेला. वरचा थर पांढरट आणि लिबलिबीत झाला होता, खडी उघडी पडली होती आणि पाण्याखालचा तळ मात्र शाबूत होता. याचे कारण असे, की पाण्याखालच्या बुळबुळीत थरातील जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, तो वायू वर जातो, माथ्यावरील ओलाव्यात दुसरे जिवाणू त्याचे सल्फ्युरिक आम्ल करतात आणि सिमेंटचे जिप्सम, म्हणजे मऊ पदार्थ, होते. हे सांगितल्यावर मला पुस्तकी ठरवण्यात आले आणि गिलावा त्या मऊ थरावरच मारला गेला. तो धरला नाही, पुढे सुटून पडला. आजही कोणी ‘वरून गिलावा मारून घ्या’ म्हणाले की माझा संताप होतो.

मऊ थर उच्च दाबाच्या पाण्याने टणक काँक्रीट लागेपर्यंत काढावा, मग कॅमेरा फिरवावा. अस्तरासाठी रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात) भिजवलेली नळी जुन्या नळात घालून तिथेच घट्ट करण्याची पद्धत 1971 मध्ये लंडनला वापरली गेली; आता ही नळी पाण्याच्या दाबाने उलटवत आत सरकवतात आणि गरम पाण्याने, वाफेने किंवा अतिनील किरणांनी घट्ट करतात. माथा फार झिजला असेल, तर अस्तराची जाडी मातीचा सगळा भार धरूनच ठरवावी. जुना नळ आधार देईल असे गृहीत धरणे हा निव्वळ आळस आहे. तोच वायू मॅनहोलच्या भिंतीही खातो, त्यामुळे त्या वगळू नयेत.

मात्र अस्तराने बिघडलेला उतार सुधारत नाही. नळ मध्येच खचला असून तिथे पाणी तुंबत असेल, तर तेवढा भाग खोदूनच काढावा लागेल.