कॉम्प्युटर फुल लोडला ठणठणीत, रिकामा बसला की रिस्टार्ट? पॉवर सप्लाय मागवायच्या आधी हे वाचा

तुमची पोस्ट वाचून हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं. रायझन (एएमडीचा प्रोसेसर) ओव्हरक्लॉक केलाय, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवताय, सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण राबवणारी टेस्ट) तासभर पळतं, गेम रात्रभर चालतात, आणि नुसती पीडीएफ उघडून वाचत बसलं की स्क्रीन काळी होऊन मशीन रिस्टार्ट, ना ब्लू स्क्रीन ना काही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसली म्हणून तुम्ही आता नवीन पॉवर सप्लाय घ्यायला निघालात. थांबा हो. मी हेच केलंय.

ते ४१ म्हणजे विंडोजने एवढंच लिहून ठेवलेलं असतं की मागच्या वेळी मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं. का पडलं ते त्याला माहीत नसतं. प्लग उपटलात तरी ४१, रिसेट दाबलंत तरी ४१. नावात पॉवर आहे म्हणून लोक पॉवर सप्लायच्या मागे लागतात, चोर सोडून संन्याशाला फाशी.

माझा रायझन ५६००एक्स होता. कर्व्ह ऑप्टिमायझरला (प्रोसेसरच्या प्रत्येक कोरचं व्होल्टेज कमी करायची बायोसमधली सेटिंग) सगळ्या कोरना सरसकट उणे २५, वर बूस्टला, म्हणजे कमाल वेगाला, २०० मेगाहर्ट्झ जास्त. कुठल्यातरी व्हिडिओत बघितलं आणि टाकलं. तासभर सिनेबेंच पास झालं म्हणजे आपण जिंकलो असं मला वाटलं. मग रिस्टार्ट सुरू झाले, तेही मी काहीच करत नसताना. पॉवर सप्लाय बदलला, फरक शून्य. मग अख्खा कॅबिनेट उचलून सर्व्हिस सेंटरला नेला, नाव सांगत नाही, तीन आठवडे ठेवून घेतला आणि 'दोष आढळला नाही' असा कागद हातात दिला. फोन केला की एकच, विंडोज नवीन टाकून बघा. म्हणजे ज्या मशीनमध्ये दोषच नाही त्यात विंडोज कशाला टाकायचं हे कोणी सांगेना.

पण खरा मूर्खपणा माझाच. घरी आणल्यावर चार दिवस मशीन मस्त चाललं. मी खूश, म्हटलं काहीतरी केलं असेल त्यांनी. पाचव्या दिवशी बायोसमध्ये जाऊन सेव्ह केलेलं जुनं प्रोफाइल (त्या ओव्हरक्लॉकच्या सगळ्या सेटिंग) लोड केलं आणि त्याच रात्री परत रिस्टार्ट. तरी माझी ट्यूब पेटली नाही! उलट त्यांच्याशीच फोनवर भांडले की तुम्ही काही दुरुस्त केलंच नाही म्हणून. नंतर तो कागद पुन्हा बघितला तर खाली पेनाने लिहिलेलं, 'बायोस रिसेट केला', म्हणजे माझं ओव्हरक्लॉकच उडवलेलं. उत्तर चार दिवस माझ्या टेबलावर पडलेलं होतं. अर्थात हे तोंडाने सांगायला त्यांना काय झालं होतं ते देवच जाणे.

तर आता तुमचं. बायोस डिफॉल्टला न्या, रॅमचं एक्सएमपी पण बंद (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग, तेही ओव्हरक्लॉकच आहे, लोक विसरतात), आणि जेवढ्या दिवसांत एरवी दोनतीनदा रिस्टार्ट झाला असता तेवढे दिवस तसंच वापरा. नाही झाला, तर पॉवर सप्लायचे पैसे वाचले समजा. डिफॉल्टला पण रिकामं बसल्यावर पडत असेल तर बायोसमध्ये 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' शोधून 'टिपिकल करंट आयडल' करून बघा, आणि तरीही पडलं तर मग खुशाल सप्लायवर संशय घ्या.

दुसरं, त्या ४१ च्या आसपास डब्ल्यूएचईए-लॉगर १८ (हार्डवेअरच्या चुकीची नोंद) आहे का बघा. दर वेळी नोंद होतेच असं नाही. माझ्याकडे होती, 'कॅशे हायरार्की एरर' आणि प्रत्येक वेळी एपीआयसी आयडी (चूक प्रोसेसरच्या कुठल्या थ्रेडवर झाली त्याचा नंबर) ४ किंवा ५. सहा कोरच्या चिपवर एका कोरला दोन थ्रेड, म्हणजे आयडीला दोनाने भागा, कोर नंबर २ (मोजणी शून्यापासून). रायझन मास्टरमध्ये (एएमडीचं स्वतःचं सॉफ्टवेअर) बघितलं तर नेमका त्याच कोरवर तारा, म्हणजे सगळ्यात चांगला कोर.

हे उलटं वाटतं पण तसं नाही. कर्व्हचा एक आकडा म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. चांगल्या कोरला कंपनीने आधीच कमी व्होल्टेज दिलेलं असतं, त्यातून आणखी कापायला जागा कमी. आणि सगळे कोर एकदम राबतात तेव्हा पॉवर आणि तापमानामुळे क्लॉक खाली येतो, म्हणून सिनेबेंच पास. पीडीएफ वाचताना एकच कोर क्षणभर उडी मारून सगळ्यात वरच्या क्लॉकला जातो आणि तिथेच व्होल्टेज अपुरं पडतं. त्यामुळे टेस्ट पण तशीच हवी, कोअरसायकलर नावाचं फुकट टूल आहे, एकेका कोरवर प्राइम९५ ही टेस्ट चालवतं. त्यात एव्हीएक्स (जास्त जड गणितं) नको, एसएसई (हलकी) ठेवा, कारण एव्हीएक्सने गरम होऊन क्लॉक पडतो आणि आपल्याला वरचाच क्लॉक तपासायचाय. माझा तो कोर शेवटी उणे ८ वर थांबला, एक उणे १५, बाकी उणे २०.

एका वेळी एकच आकडा बदला, आणि बायोसच्या स्क्रीनचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, बायोस अपडेट केला की प्रोफाइल बहुतेक वेळा उडतात. महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप दुसऱ्या मशीनवरून घ्या, ह्याच्यावरून नको.

इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीवाल्यांनी हे वाचून काही करू नका, तिथे काहीच ओव्हरक्लॉक न करता पण व्होल्टेजचा घोळ होता, २०२४ मध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला कोड, बायोसबरोबर येतो) अपडेट आले, आधी बायोस अपडेट करा.

मी काही हार्डवेअर इंजिनियर नाही, माझ्या एका चिपवरचा अनुभव आहे, तुमचे आकडे वेगळे येणार. ओव्हरक्लॉकने काही जळलं तर वॉरंटीत बसत नाही हेही लक्षात ठेवा. आणि माझं मत विचाराल तर त्या २०० मेगाहर्ट्झने मला कुठल्याच गेममध्ये काही जाणवलं नाही, मी ते कधीच काढून टाकलं. तुम्ही आधी एपीआयसी आयडी कुठला येतोय तेवढा बघून सांगा.