अर्जातून काय गाळलंस?

प्रिय बाबू,

कंपनीतल्या नोकरीसाठी लिहिलेला तुझा अर्ज मिळाला. फोटोत कान तुझेच आहेत, चेहरा मात्र स्टुडिओवाल्यानं चांगलाच उजळून दिलाय. आडनावाचं एकच अक्षर ठेवलंस. आदिवासी विद्यार्थी संघटनेचं सचिवपद गायब, अन् तेंदूपत्त्याच्या, म्हणजे बिडीच्या पानांच्या, हंगामात ग्रामसभेचा हिशोब ठेवलास, तेही गायब.

हे तू एकटाच करत नाहीस. अमेरिकेत काळे आणि आशियाई वंशाचे कित्येक विद्यार्थी हेच करतात. नाव गोऱ्यांसारखं करून घेतात, आपल्या समाजाच्या संघटनेतलं काम खोडतात. २०१६ सालच्या एका अभ्यासात दोन्ही तऱ्हेचे अर्ज कंपन्यांना पाठवून पाहिले. काळ्या उमेदवारांच्या उघड अर्जांपैकी १० टक्क्यांना बोलावणं आलं, झाकलेल्यांपैकी २५ टक्क्यांना. आपल्या अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल अटवेल यांनी २००७ साली इथलंही दाखवून दिलंय: शिक्षण सारखं असलं तरी दलित आडनावाच्या अर्जाला खाजगी कंपनीकडून बोलावणं कमीच येतं.

म्हणजे तुझी भीती खोटी नाही. पोटासाठी कोणी आडनाव झाकलं, तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण तू काय गाळलंस ते बघ. फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या केंद्रावर, पुडके मोजून घेणं, ७० पानांच्या पुडक्यात पानं कमी निघाली की घरच्या माणसालाही परत करणं, ठेकेदाराच्या मुनीमाशी पावतीवरून भांडणं, शेवटी घरोघरचे पैसे चुकते करणं. कंपनीत यालाच अकाउंट्स म्हणतात बाप्पा! सगळ्यात भारी ओळ तूच खोडलीस. ती परत लिही. किती कुटुंबं, किती रक्कम, सगळं.

फोटोचं मात्र मला अजिबात पटलं नाही. मुलाखतीला तूच जाणार ना? समोरचा एकदा फोटोकडे बघेल, एकदा तुझ्याकडे, अन् तोंड उघडायच्या आधीच तू ओशाळशील. इस्त्रीचा शर्ट घाल, केस नीट काप. ते कामाचा मान राखायला, रंग झाकायला नव्हे.

जाहिरातीत 'सर्वांना समान संधी' छापलंय म्हणून हुरळू नको. त्याच अमेरिकी अभ्यासात असं लिहिणाऱ्या कंपन्याही तितकाच भेदभाव करताना सापडल्या. उलट तिथे उमेदवार भरवशावर राहून कमी झाकतात अन् फटका खातात. त्यापेक्षा आपल्या भागातली जी पोरं तुझ्या त्या कंपनीत लागलीत, त्यांना गाठ. बढती किती वर्षांनी मिळाली, साहेब कोणत्या नावानं हाक मारतो, डबा कोणाबरोबर खाता, हे विचार. मग आडनाव पूर्ण लिहायचं की नाही, ते तू ठरव.

तुझे
सर