वाचकांचे प्रश्न : नकाशावरचा ठिपका आणि कोर्टातला पुरावा

प्रश्न : माझ्या टेम्पोला जीपीएस ट्रॅकर आहे. गाडी चोरीला गेली तर मोबाइलवरचं लोकेशन पोलिसांना दाखवलं की पुरतं का? आणि संशयिताच्या गाडीला पोलीसही असंच यंत्र लावतात का?
– टेम्पोमालक, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर

उत्तर : गाडी शोधायला पुरतं, कोर्टात नाही.

जीपीएस उपग्रहाला गाडी कुठे आहे ते कळतच नाही. यंत्र उपग्रहांचे संदेश ऐकून आपली जागा काढतं आणि ती आतल्या सिमवरून कंपनीच्या सर्व्हरला पाठवतं. म्हणून सिमचं रिचार्ज संपलं की चांगलं यंत्रही मुकं होतं. चोर आधी बॅटरीची वायर तोडतो. मग आतली छोटी बॅटरी काही तासच तग धरते. सोलापूरच्या उन्हाळ्यात यंत्र इंजिनाजवळ बसवलं असेल तर ती फुगलेलीही असते. डॅशबोर्डच्या प्लास्टिकखाली, पत्र्याआड येणार नाही असं बसवून घ्या.

चोरी कळताच 112 ला फोन करा, लोकेशनची लिंक द्या, स्वतः पाठलाग करू नका. इंजिन बंद करणारा रिले असला तरी धावत्या गाडीवर वापरू नका. हायवेवर मागून येणाऱ्याचा जीव जाईल.

तपासात पोलीस कंपनीकडून मूळ नोंदी लेखी मागवतात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 94). त्या सावळेश्वर, वरवडे अशा टोलनाक्यांवरच्या फास्टॅगच्या वेळांशी आणि सीसीटीव्हीशी ताडून बघायच्या. घोळ इथेच होतो. सर्व्हरवरची वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळ असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री 11.40 ची चोरी कागदावर संध्याकाळी 6.10 ची दिसते आणि आरोपीच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो. दुसरी चूक आकड्यांची. कच्च्या नोंदीतला अक्षांश 1739.6 म्हणजे 17 अंश 39.6 मिनिटं, अर्थात सोलापूर शहर. कुणी ते 17.396 अंश वाचलं की गाडी जवळपास 29 किलोमीटर दक्षिणेला जाते!

नोंदींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं, इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठीचं प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश मूल्यही (फाइलमध्ये जरा फेरफार झाला तरी बदलणारी अक्षर-आकड्यांची खूण) नोंदवावं लागतं. जालन्याच्या निवडणुकीवरून गाजलेल्या खोतकर खटल्यात 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रमाणपत्राची गरज ठामपणे सांगितली. त्यामुळे स्क्रीनशॉटवर विसंबू नका. कंपनी जुन्या नोंदी पुसून टाकण्याआधी त्या जपून ठेवायला त्यांना लगेच ईमेल करा.

संशयिताच्या गाडीला गुपचूप यंत्र लावायला आपल्या संहितेत स्वतंत्र कलम नाही, आणि ते व्हायला हवं असं आमचं स्पष्ट मत आहे. अमेरिकेत 2012 च्या जोन्स खटल्यात पोलिसांनी यंत्र लावून संशयिताच्या जीपवर 28 दिवस नजर ठेवली होती. कोर्टाची परवानगी 10 दिवसांत यंत्र लावायची होती. लावलं 11व्या दिवशी, तेही हद्दीबाहेर. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असं यंत्र लावणं म्हणजे झडतीच ठरवली. आपल्याकडे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामिनावरच्या आरोपीला गूगल मॅप्सचं लोकेशन तपास अधिकाऱ्याला सतत दिसू देण्याची अट रद्द केली.

प्रश्न : गाडीच्या चॅसीला चुंबकाने चिकटवलेली काळी डबी सापडली. फेकून देऊ?
– वाचक, विजापूर रोड

उत्तर : नको. जागेवर असतानाच फोटो काढा, सिमला हात लावू नका. ते कुणाच्या नावावर आहे हे पोलीस शोधू शकतात. गाडी कर्जावर असेल तर आधी करारपत्र वाचा, यंत्र फायनान्सवाल्यांनी लावलेलंही असू शकतं. तसं नसेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.