उबंटू सर्व्हरच्या व्हीएमची (व्हर्च्युअल मशीनची) कॉपी केली आणि नाव बदललं, पण रीबूटनंतर जुनंच नाव येतं. शिवाय दोन्ही मशीनना एकच आयपी मिळतो. काय करू?

या दोन वेगळ्या भानगडी आहेत. नावाची सोपी आहे, आयपीची जरा खोल आहे.

तुम्ही बहुतेक नुसती ‘होस्टनेम’ कमांड वापरली असणार. तिने दिलेलं नाव फक्त चालू कर्नलमध्ये (सिस्टमच्या गाभ्यात) राहतं. बूट होताना सिस्टमडी (सगळ्या सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्राम) /ईटीसी/होस्टनेम ही फाइल वाचतं आणि त्यातलं जुनं नाव पुन्हा लावतं. त्याऐवजी ही कमांड द्या (टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरांत):

सुडो होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम वेब-०२

नावात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि हायफन एवढंच असू द्या. अंडरस्कोअर लिनक्सला चालतो, पण पुढे डीएनएसमध्ये (नावावरून आयपी शोधणाऱ्या यंत्रणेत) नडतो. लांबीची मर्यादा ६४.

ही कमांड /ईटीसी/होस्ट्सला (नाव आणि आयपीच्या जोड्यांची फाइल) हात लावत नाही. तिथली १२७.०.१.१ ची ओळ हातानेच बदला, नाहीतर सुडो दर वेळी ‘अनेबल टू रिझॉल्व्ह होस्ट’ म्हणून कुरकुरेल. प्रॉम्प्टमध्ये जुनं नाव दिसत राहिलं तर काही बिघडलेलं नाही, शेल नव्याने उघडा. एवढं करूनही रीबूटनंतर जुनं नाव परतलं, तर क्लाउड-इनिटवर (बूट होताना मशीनची सुरुवातीची सेटिंग लावणारा प्रोग्राम) संशय घ्या: /ईटीसी/क्लाउड/क्लाउड.सीएफजी मध्ये ‘प्रिझर्व्ह_होस्टनेम’ ट्रू करा.

आता आयपी. आधी ‘आयपी लिंक’ देऊन दोन्हीकडचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डचा क्रमांक) बघा. तो सारखा असेल तर व्हीएमच्या सेटिंगमध्ये नवा घ्या. वेगळा असूनही आयपी एकच मिळत असेल, तर कारण मशीन-आयडी. सिस्टमडी-नेटवर्कडी (सिस्टमडीचा नेटवर्क सांभाळणारा भाग) डीएचसीपी सर्व्हरला, म्हणजे आयपी वाटणाऱ्या सर्व्हरला, जी ओळख पाठवतं ती मॅकवरून नाही, /ईटीसी/मशीन-आयडी मधल्या ३२ हेक्स अक्षरांवरून बनवतं. डिस्क कॉपी केली की ही अक्षरं जशीच्या तशी येतात आणि सर्व्हरला दोन्ही मशीन एकच वाटतात.

कॉपी केलेल्या मशीनवरची ही फाइल उडवू नका, रिकामी करा:

सुडो ट्रंकेट -एस ० /ईटीसी/मशीन-आयडी

‘सुडो’पुढे ‘>’ लावून रिकामी करायला गेलात तर परमिशन नाकारली जाईल, कारण रीडायरेक्ट तुमचा शेल करतो, रूट नाही. खरी गोची पुढेच आहे. /व्हीएआर/लिब/डीबस/मशीन-आयडी ही सिमलिंक (/ईटीसी/मशीन-आयडी कडे बोट दाखवणारी नुसती खूण) आहे ना, ते ‘एलएस -एल’ने तपासा. ती स्वतंत्र फाइल असेल तर सिस्टमडी तिच्यातलाच जुना आयडी उचलतं आणि तुमची मेहनत पाण्यात जाते. अशी फाइल काढून टाका आणि तिच्या जागी सिमलिंक करा. मग रीबूट करा आणि ‘होस्टनेमसीटीएल’ने दोन्हीकडचे आयडी ताडून पाहा. रीबूटनंतर ‘जर्नलसीटीएल’मध्ये जुने लॉग दिसणार नाहीत. ते जुन्या आयडीच्या फोल्डरमध्ये आहेत, ‘-एम’ लावा म्हणजे दिसतील.

एसएसएच होस्ट कीसुद्धा (दुरून लॉगिन करताना मशीनची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या) कॉपीबरोबर आल्या आहेत. दोन मशीनची प्रायव्हेट की एकच असणं बरं नाही. /ईटीसी/एसएसएच मधल्या ‘एसएसएच_होस्ट_’ने सुरू होणाऱ्या की-फाइल काढा, ‘सुडो एसएसएच-कीजेन -ए’ (ए कॅपिटल) चालवा आणि एसएसएच सर्व्हिस रीस्टार्ट करा. त्यानंतर तुमच्या लॅपटॉपवर ओळख बदलल्याचा मोठा इशारा येईल. ‘एसएसएच-कीजेन -आर’ (आर कॅपिटल) आणि त्या मशीनचं नाव किंवा आयपी देऊन जुनी नोंद काढली की लॉगिन होईल.