क्लोरोक्विनने एचआयव्ही दबतो का?

प्रश्न: माझा दीर एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्यांवर आहे, पावसात त्याला व्हायवॅक्स मलेरिया झाला, क्लोरोक्विन दिलं, आता म्हणतो वहिनी, लॅबमध्ये ह्याच गोळीने एचआयव्ही दबतो, मी चालूच ठेवतो. खरंय का? – एक वाचक, लालबाग

उत्तर: ताई, लॅबमधलं खरंय. डिशमधल्या पेशींना क्लोरोक्विन दिलं की आतली आम्लता घटते, व्हायरसला पेशीला चिकटायला लागणाऱ्या जीपी-१२० प्रोटीनवर साखरेचं आवरण नीट चढत नाही, आणि नवे व्हायरस लंगडेच बाहेर पडतात. पण माणसाचं अंग म्हणजे डिश नव्हे ना! ब्रिटनमध्ये एआरटी न घेणाऱ्यांना ह्याचंच भावंड हायड्रॉक्सीक्लोरोक्विन रोज ४०० मिलिग्रॅम ४८ आठवडे दिलं, २०१२ ला निकाल छापला, तर प्लासिबोवाल्यांपेक्षा (म्हणजे बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांपेक्षा) त्यांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला व्हायरस, उलट वाढलेला. त्यामुळे क्लोरोक्विन ३ दिवसांचंच, पुढे ओढलं तर डोळ्याच्या पडद्याला धोका. यकृतात लपलेला मलेरिया मारणाऱ्या प्रायमाक्विनचे १४ दिवस मात्र पूर्ण करायला लावा, ते लोक हमखास अर्धवट सोडतात. आणि एआरटी एकही दिवस बंद नको. कधी मलेरियाचा दुसरा प्रकार, फाल्सिपेरम, निघाला आणि एआरटीत एफाविरेन्झ नावाचं औषध असेल तर रक्तात लुमेफॅन्ट्रिन हे मलेरियाचं औषध कमी पडतं, म्हणून ताप आला की एआरटीचं कार्ड डॉक्टरला दाखवा, लाजायचं काय त्यात.