आनुवंशिक आजारात स्टिरॉइड कशासाठी?

प्रश्न : माझ्या २६ वर्षांच्या मुलाला शार्को-मारी-टूथ हा नसांचा आजार असून त्याच्या वडिलांनाही तो आहे. लहानपणापासून त्याच्या पायातली चप्पल नकळत निसटते, पण त्याचे चालणे कधी अडले नव्हते. गेल्या दोन महिन्यांत मात्र त्याला जिना चढवेना आणि शर्टाची बटणे लावता येईनात. डॉक्टर मणक्यातील पाणी तपासून कदाचित स्टिरॉइड द्यावे लागेल, असे म्हणतात. दोष जनुकातच असताना या औषधाचा काय उपयोग? – एक वाचक, सांगली

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. या आजाराच्या सर्वाधिक आढळणाऱ्या १ए प्रकारात सतराव्या गुणसूत्रावरील पीएमपी२२ या जनुकाची एक प्रत जादा असते, त्यामुळे नसांवरचे मायलिनचे आवरण नीट टिकत नाही. हा दोष स्टिरॉइडने दुरुस्त होत नाही. परंतु बिघडलेल्या आवरणावर शरीराची संरक्षक यंत्रणाही चाल करते, आणि स्टिरॉइड आवर घालते ते या यंत्रणेला. मायलिनच्या जनुकात दोष असलेल्या उंदरांच्या नसांत मॅक्रोफेज आणि टी-पेशी या संरक्षक पेशी शिरलेल्या आढळल्या, आणि जर्मनीतील वुर्झबर्ग येथील प्रयोगांत लिम्फोसाइट पेशीच (टी-पेशी याच गटातल्या) नसलेल्या अशा उंदरांच्या नसांची हानी कमी झाली. अर्थात उंदरांवरून सरसकट रुग्णांना औषध देता येत नाही, आणि ते तसे दिलेही जात नाही.

तुमच्या मुलाच्या बाबतीत मला खटकतो तो आजाराचा वेग. हा आजार वर्षानुवर्षे मुंगीच्या पावलांनी सरकतो आणि पावले व पंजे आधी धरतो. मांड्या दोन महिन्यांत दुबळ्या होणे त्याच्या रीतीत बसत नाही. काही थोड्या रुग्णांत मूळ आजारावर सीआयडीपी हा प्रतिकारशक्तीमुळे होणारा नसांचा दाह चढतो, आणि तो स्टिरॉइड किंवा शिरेतून दिल्या जाणाऱ्या इम्युनोग्लोब्युलिनने (प्रतिपिंडांच्या औषधाने) बरेचदा आटोक्यात येतो. मणक्यातील पाण्यात प्रथिने वाढलेली दिसतील, पण ती नुसत्या आनुवंशिक आजारातही थोडी वाढलेली असू शकतात, म्हणून तेवढ्यावर निर्णय करू नये. नसांतून संदेश किती वेगाने जातो हे मोजणारी नर्व्ह कंडक्शन चाचणी पुन्हा करून जुन्या अहवालाशी ताडून पाहावी : १ए प्रकारात सगळ्या नसांचा वेग सारखाच मंदावतो, सीआयडीपीत मात्र तो कुठे कमी, कुठे जास्त असतो आणि मध्येच संदेश अडतो. मधुमेहाची तपासणीही करावी. तसेच मुलाला अलीकडे व्हिन्क्रिस्टीन हे कर्करोगावरील औषध दिले गेले असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण या रुग्णांच्या नसांना ते फार जाचते.

स्टिरॉइड सुरू झालेच, तर त्याआधी हाताच्या पकडीचे आणि दहा मीटर चालण्यास लागणाऱ्या वेळेचे माप लिहून ठेवावे. काही महिन्यांत त्यात फरक पडला नाही, तर औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करून थांबवता येते. ते एकदम बंद मात्र करू नये.