उन्हाची सवय लागते, पण दोन दिवसांत नाही

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, अजून लांब आहे, तरी या पंधरवड्यात आलेले बहुतेक प्रश्न उन्हाचेच आहेत. सारख्या प्रश्नांची उत्तरं एकत्र केली आहेत.

प्रश्न : नागपूरला इमारतीच्या साइटवर मी सुपरवायझर आहे. एप्रिलच्या शेवटी सहा नवी पोरं कामावर घेतली. त्यातला सगळ्यात धडधाकट पोरगा दुसऱ्याच दिवशी सळया वाहताना भोवळ येऊन पडला. पन्नाशीचे मिस्त्री मात्र ठणठणीत. पाण्याचे जार तर भरपूर आहेत. मग चूक कुठे झाली?

उत्तर : पाण्यात नाही, हजेरीत. शरीराला उन्हात राबायची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. त्या दिवसांत घाम लवकर आणि जास्त सुटू लागतो, घामातून जाणारं मीठ कमी होतं, रक्तातला पाण्याचा अंश वाढतो आणि तेवढ्याच कामाला हृदयाची धडधड कमी होते. तुमच्या मिस्त्रींचं हे सगळं मार्चपासून सावकाश झालेलं आहे. या पोराला तुम्ही पहिल्याच दिवशी पूर्ण पाळीला लावलंत.

ठोकताळा असा. नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं काम नेहमीच्या २० टक्केच द्यायचं आणि रोज फार तर २० टक्क्यांनी वाढवायचं. आठ तासांच्या पाळीत पहिल्या दिवशी दीड तास सळया, बाकी वेळ सावलीत तारा कापणं, रेती चाळणं. लग्नाला म्हणून गावी जाऊन दोन आठवड्यांनी परतलेला जुना गडीही निम्म्यावरून सुरू करायचा : ५०, ६०, ८० आणि चौथ्या दिवशी पूर्ण.

धडधाकट पोरगाच पडला याचं मला नवल वाटत नाही. स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग उष्णता होऊन अंगातच राहतो. म्हणजे जो जास्त जोर लावतो तो आतून जास्त तापतो. त्यात नवीन माणूस मुकादमाच्या नजरेत भरायला बघतो, पाणी मागायला लाजतो. शिवाय हवामान खात्याचा ४४ हा आकडा सावलीतला असतो. स्लॅबवर, लोखंडाच्या जाळीत उभ्या माणसाचं ऊन त्याहून वेगळं.

म्हणून काम सकाळी ६ ते ११ आणि दुपारी ४ नंतर ठेवा. कुवेतमध्ये १ जून ते ३१ ऑगस्ट सकाळी ११ ते ४ उघड्यावर काम करायला बंदी आहे, आणि तिथल्या इमारती काही अर्धवट राहिलेल्या नाहीत. विसाव्याचे पैसे मात्र कापू नका. अर्धी हजेरी लागणार म्हटल्यावर चक्कर आलेला माणूसही ‘बरं आहे साहेब’ म्हणतो. हे मी साइटवर इतक्यांदा ऐकलंय की आता त्या वाक्यावर विश्वासच ठेवत नाही.

प्रश्न : माझे यजमान अकोल्याला सेंट्रिंगचं काम करतात. उन्हाने माणूस पडला तर आधी काय करायचं? घाम येत असेल तर उष्माघात नसतो, असं सांगतात. तापाची गोळी द्यावी का?

उत्तर : घामावर जाऊ नका. घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला उष्माघात झाला तर कातडी बहुधा कोरडी असते. राबताना पडलेला माणूस घामाने निथळत असतो आणि तरी त्याचं अंग आतून ४० अंशांच्या वर गेलेलं असतं. खूण डोक्याची बघायची. त्याला विचारा, आज वार कोणता, मुकादम कोण. उत्तर भलतंच आलं, बडबडायला लागला, लटपटला, झटका आला की तो उष्माघात समजायचा.

एकाने १०८ला फोन लावायचा आणि बाकीच्यांनी त्याच क्षणी गार करायला लागायचं. गाडीची वाट बघत बसायचं नाही, कारण मेंदू, यकृत, मूत्रपिंड याच मिनिटांत भाजून निघत असतात. सावलीत न्या, बूट-शर्ट काढा. साइटवर क्युरिंगचा, म्हणजे काँक्रीटवर पाणी मारायचा, पाइप असतोच. पाइपात तापलेलं पहिलं पाणी वाहू द्या, मग गार आलं की अंगावर सोडा आणि पुठ्ठ्याने, प्लायच्या तुकड्याने जोरात वारा घाला. बर्फ मिळाला तर काखेत, जांघेत, मानेला. त्याहून चांगलं म्हणजे ताडपत्री : चौघांनी कडा उचलून धरायच्या, मधल्या खोलगटात माणूस, वरून पाणी आणि बर्फ. एकाने फक्त त्याचं डोकं पाण्याच्या वर धरायचं. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

तापाची गोळी नको. जंतूंच्या तापात मेंदूच अंगाचं तापमान वर नेऊन ठेवतो, गोळी ते खाली आणते. उष्माघातात मेंदूने काही वर नेलेलं नसतं, बाहेर टाकता येईल त्यापेक्षा जास्त उष्णता अंगात साठलेली असते. गोळीचा उपयोग शून्य आणि आधीच मार खाल्लेल्या यकृतावर आणखी बोजा.

नुसते पोटऱ्यांत गोळे आले, मळमळलं, पण बोलणं नीट आहे, तर सावली, विश्रांती आणि ओआरएस. अर्ध्या तासात उतार पडला नाही तर दवाखाना. उतार पडला तरी त्या दिवशी पुन्हा उन्हात पाठवू नका.

प्रश्न : खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, हे खरं का? ओआरएस रोज घ्यावं का?

उत्तर : कांदा भाकरीबरोबर खा. खिशातल्या कांद्याने फक्त खिशाला वास येतो.

मिठाचं ताक, पन्हं आणि दोन वेळचं जेवण पोटात असेल तर ओआरएसची गरज बहुतेकांना फार घाम गेला तेव्हाच पडते. पुडी एक लिटरचीच असेल तर एक लिटर पाण्यातच विरघळवा. ग्लासभर पाण्यात अख्खी पुडी टाकणारे मी पाहिलेत, ते घट्ट पाणी उलट त्रास देतं. आणि नागपूर-चंद्रपूरकडच्यांना एक खासगी तक्रार : तोंडात खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) असला की तास-दोन तास माणूस पाणी पीत नाही.

प्रश्न : आई सोलापूरजवळ रस्त्याच्या कामावर जाते. दिवसभर पाणीच पीत नाही, कारण जायला आडोसा नाही. संध्याकाळी लघवीला जळजळ होते.

उत्तर : या प्रश्नाचं उत्तर आईकडे नाही, ठेकेदाराकडे आहे. चार बांबू, ताडपत्री, खड्डा आणि पाण्याची बादली, एवढ्याने बायका पाणी प्यायला लागतात. गँगमधल्या सगळ्याजणींनी मिळून मागा. एकटीने मागितलं की थट्टा होते.

जळजळ हा बहुधा जंतुसंसर्ग, तो लघवी तपासून औषधाने बरा होतो. पण वर्षानुवर्षं कोरड्या अंगाने राबलं तर मूत्रपिंडं झिजू शकतात. एल साल्वादोर आणि निकाराग्वात तरुण ऊसतोड मजुरांमध्ये मधुमेह-रक्तदाब नसताना किडनी निकामी होण्याचा आजार फोफावला, आणि भर उन्हातली कष्टाची तोड हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं. ऊसतोड म्हटल्यावर आपण कान टवकारायला हवेत.

तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यायचं. तासाला दीड लिटरच्या वर मात्र नको. लघवी फिकट पिवळी दिसली की पुरेसं. साडीवर घालायचा शर्ट सुती आणि ढगळ असावा, नायलॉनचा नको.

प्रश्न : मी पनवेलला डिलिव्हरी करतो. इथे पारा ३६ असतो आणि विदर्भातले मित्र हसतात. मला मात्र जीव नकोसा होतो.

उत्तर : हसू द्या. घाम वाळला तरच अंग गार होतं, नुसता टपकला तर वाया गेला. अकोल्याच्या कोरड्या हवेत तो लगेच उडतो, तुमच्याकडे हवाच ओली. म्हणूनच उष्णतेच्या लाटेसाठी हवामान खात्याची किमान अट मैदानी भागात ४० अंश आहे आणि किनाऱ्यावर ३७. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्या मैदानावरच्या समारंभात उन्हाने माणसं दगावली तेव्हा पारा चाळिशीही गाठलेला नव्हता.

तुमच्याकडे ओल्या रुमालाचा उपयोग कमी, वाऱ्याचा जास्त. प्रत्येक थांब्यावर हेल्मेट काढा, पाठीवरची बॅग उतरवा, नळ दिसला की कोपरापर्यंत हात पाण्याखाली दोन मिनिटं धरा. पाण्याची बाटली ऑर्डरच्या बॅगेत तळाशी नको, हाताला येईल अशी हँडलला अडकवा. आणि सर्दीची किंवा खाजेची झोप आणणारी गोळी घेतली असेल तर त्या दिवशी दुपारची फेरी टाळा, त्यातल्या काही गोळ्या घाम कमी करतात.